पाण्यासाठी केलेला पाईप

मित्रांनो, गॅरेजमधल्या लांब टेबलाखाली एक काळा, वाकडा, मध्येच फुगलेला रबरी पाईप पडलेला दिसतो ना, तो मी. मी आता जुना झालो आहे आणि कुठल्याच गाडीच्या उपयोगाचा राहिलेलो नाही. मला तोंडं दोन आहेत, पण बोलता एकानेही येत नाही. जे वेळेवर सांगायला हवं होतं ते त्यामुळे माझ्या पोटातच राहिलं. ते आज तुम्हाला सांगतो. ऐकताना मला हवा तेवढा दोष द्या, माझी तक्रार नाही.

माझा जन्म एका रबराच्या कारखान्यात झाला. काळ्या रबराचा गरम थर, त्यावर सुती दोऱ्याचं विणलेलं अस्तर, पुन्हा रबराचा थर, असं करत मला एका वाकड्या लोखंडी साच्यावर चढवलं आणि वाफेच्या भट्टीत ठेवलं. बाहेर आलो तेव्हा माझं अंग कोपरात दुमडलेल्या हातासारखं वळलेलं होतं. तपासणीच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्यांनी माझं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून उकळतं पाणी सोडलं आणि जाड हातमोजे घालून मला दाबून, वळवून पाहिलं. मी कुठे फुगलो नाही, कुठे पाझरलो नाही. बाईंनी मान डोलावली आणि माझ्या अंगावर पांढऱ्या शाईने ठसा उमटवला. त्या ठशात दोनच गोष्टी होत्या. हा पाईप पाण्यासाठी आहे, आणि याला तेलापासून लांब ठेवावं.

रबर तुम्हाला सगळं सारखंच दिसतं, पण ते तसं नसतं. एखादं रबर उकळतं पाणी वर्षानुवर्षं सोसतं, पण तेलाची नुसती वाफ लागली तरी सुजतं. एखादं तेलात बुडवून ठेवलं तरी हू की चू करत नाही. मी पहिल्या जातीचा. ट्रकच्या रेडिएटरमधलं गरम पाणी इकडून तिकडे न्यायचं, एवढ्यासाठीच मला घडवलं होतं.

एका ट्रकसाठी म्हणून मला या गॅरेजमध्ये आणलं. पण ट्रकवाल्याने तो ट्रकच विकून टाकला आणि मी खिळ्याला लटकत राहिलो. गॅरेज एका माणसाचं होतं. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. चाळिशी ओलांडलेला, बोलायला गोड, हाताला चपळ. अडलेली गाडी त्याच्या दारात आली की संध्याकाळपर्यंत चालती व्हायचीच, असा त्याचा लौकिक होता. त्या लौकिकाची त्याला फार काळजी होती. ‘नाही जमणार, थांबावं लागेल’ हे शब्द त्याच्या घशातून बाहेर पडतच नसत.

त्याची थोरली बहीण परिचारिका होती. तो तिला ताई म्हणायचा, मीही ताईच म्हणतो. दवाखान्यात येऊ न शकणाऱ्या रोग्यांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची, हे त्यांचं काम. दिवसाला दहा-बारा घरं व्हायची. त्यासाठी त्यांच्याकडे एक लहानशी जुनी गाडी होती. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. मिस्त्री त्यांना भावोजी म्हणायचा. तीस वर्षं त्यांचं घड्याळाचं दुकान होतं. मग उजव्या हाताला कंप सुटला. केसाएवढ्या स्प्रिंगा त्या हाताला ऐकेनात, आणि एक दिवस त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं ते पुन्हा वर केलं नाही.

एके दिवशी ताईंच्या गाडीचा हवेचा पाईप फाटला.

हा पाईप म्हणजे काय, ते सांगतो. इंजिनाला पेट्रोल लागतं हे शेंबडं पोरही सांगेल, पण त्याला हवा त्याहून कितीतरी जास्त लागते. ही हवा आधी फिल्टरच्या डब्यात शिरते. तिथल्या कागदी घड्यांमध्ये धूळ अडकते आणि गाळलेली हवा एका पाईपातून इंजिनात जाते. फिल्टरच्या पुढे धूळ अडवणारं कुणीही नसतं, म्हणून तो पाईप धडधाकट हवा. शिवाय इंजिन आपल्या पोटातली तेलकट वाफ एका बारीक नळीने त्याच पाईपात सोडत असतं. म्हणजे त्याला तेलही सोसायला हवं.

मिस्त्रीने सुट्या भागांच्या दुकानात फोन केला. गाडी जुनी, तिचा मूळ पाईप यायला दहा दिवस लागतील, असं उत्तर आलं. ताईंना दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिल्या रोग्याकडे पोचायचं होतं.

मिस्त्रीने टेबलावर तीन पाईप मांडले. एक ॲल्युमिनियमचा, चकचकीत. तो टणक होता, पण इंजिन हललं की त्याच्याबरोबर खडखडणार आणि बॉनेटखालच्या उष्णतेने तापून आतल्या हवेलाही तापवणार. दुसरा प्लॅस्टिकचा, भंगारातल्या गाडीतून काढलेला. तो हलका, आकार धरून राहणारा, तेलाची पर्वा न करणारा, पण त्याची कड तडकलेली होती. तिसरा मी. मिस्त्रीने मला उचलून जागेवर धरलं, आणि काय सांगू, माझं वळण त्या जागेसाठीच केल्यासारखं बसलं. दोन वर्षं खिळ्यावर लटकल्यानंतर कुणाच्या तरी उपयोगी पडणार म्हणून मला आनंद झाला. तो आनंद मला आज सलतो.

मिस्त्रीने माझ्यावरचा ठसा वाचला. मी त्याच्या हातात होतो, त्यामुळे त्याचा अंगठा त्या अक्षरांवर थांबलेला मला कळला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, ‘दहा दिवसांपुरतं तर आहे’ असं स्वतःशीच पुटपुटला आणि चिंधी थिनरमध्ये बुडवून ती अक्षरं पुसून टाकली. का पुसली ते मला तेव्हा कळलं नाही. माझ्या कुशीला भोक पाडून त्याने वाफेच्या नळीसाठी पितळी तोटी बसवली, दोन्ही टोकांना पत्र्याचे क्लॅम्प आवळले आणि बॉनेट लावून टाकलं.

संध्याकाळी ताई आणि भावोजी गाडी न्यायला आले. भावोजींना बॉनेट उघडून पाहिल्याशिवाय चैन पडायची नाही. त्यांनी विचारलं, पाईप नवा का? मिस्त्री म्हणाला, अगदी कोरा. ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्या बारीक नळीतून तेलाची वाफ माझ्या अंगात शिरली आणि मला चुरचुरलं. त्याच क्षणी मला कळलं की मी चुकीच्या जागी आलो आहे. पण गाडी छान धावत होती. ताई मिस्त्रीला म्हणाल्या, गाडी आता पहिल्यापेक्षा हलकी वाटते, तुझ्या हाताला गुण आहे. मिस्त्री खूश, मीही खूश. दहा दिवस झाले, महिना झाला. दुसऱ्या गाड्या आल्या, त्यांच्या अडचणी आल्या. मूळ पाईप मागवायचा फोन आज करू, उद्या करू असं करत वर्ष सरत आलं तरी राहूनच गेला. मी इतकं मुकाट्याने काम करत होतो की मला काढायचं होतं हेच मिस्त्री विसरला.

दर रविवारी भावोजी अंगणात गाडीपाशी यायचे. दुकान बंद झाल्यापासून त्यांच्या हातांना राहिलेलं हे एकच काम होतं. चार क्लिपा सोडवून ते फिल्टरचा डबा उघडायचे, कागदी घड्यांमधली धूळ हलकेच झटकायचे, डबा आतून ओल्या फडक्याने पुसायचे आणि झाकण बसवायचे. हात थरथरायचा, त्यामुळे प्रत्येक क्लिपेला वेळ लागायचा. पण क्लिप बसली की ते तिच्याखाली नख घालून ओढून बघायचे. एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा पहिलीपासून. मी अगदी शेजारी होतो, मित्रांनो. त्या वर्षभरात एकही क्लिप एकदाही सैल राहिली नाही. हे मी शपथेवर सांगू शकलो असतो.

एकदा त्यांनी मला चिमटीत धरून दाबलं. त्यांच्या बोटांना काहीतरी खटकलं. त्यांनी मिस्त्रीला फोन करून सांगितलं की पाईप थोडा मऊ लागतोय. फोनमधून मिस्त्रीचा आवाज आला, रबर आहे भावोजी, उन्हाने मऊ पडायचंच. फोन ठेवताना त्याला ती पुसलेली अक्षरं आठवली असतील का? मला वाटतं, आठवली असतील. पण दारात नेहमीसारख्या दोन गाड्या उभ्या असणार.

मी आतून सुजत चाललो होतो. जिथे क्लॅम्पची कड माझ्या अंगात रुतत होती तिथे मऊ पडलेलं रबर हळूहळू कापलं जात होतं. शेवटी तिथे एक चीर पडली. नेमकी खालच्या बाजूला, जिथे कुणाची नजर पोचत नाही. ताईंच्या रस्त्यावर खडी फोडण्याची खाण होती. तिथली धूळ पिठासारखी बारीक. गाडी तिथून जायची तेव्हा इंजिन श्वास ओढायचं आणि त्या चिरेतून धूळ थेट आत जायची. थांबवता आलं असतं तर मी अंग आक्रसून ती चीर मिटवली असती. पण मी फक्त वाट करून देत राहिलो. हवेला वाट देणं हेच माझं काम होतं आणि त्याच कामाने मी घात करत होतो.

चीर पडल्यावर माझ्यातून बारीक शीळ वाजू लागली. भावोजींनी ती ऐकली. त्यांनी बॉनेट उघडून दोनदा कान लावला. मग ताईंना म्हणाले, कानही आता वाजायला लागलेत वाटतं. आणि हसले.

महिन्याभरात गाडीच्या मागून निळसर धूर येऊ लागला. चढावर ती दमायला लागली. आणि एका दुपारी खाणीच्या चढावर, भर उन्हात, ती थांबली ती थांबलीच. पुढच्या घरी एक म्हातारी शिंपीणबाई पायाची जखम उघडी ठेवून बसली होती. जुनी पट्टी सोडून तयार राहायला ताईंनीच तिला सांगितलं होतं. ताईंनी पिशवी खांद्याला लावली आणि चालू लागल्या. पोचायला दोन तास लागले. तोवर बाईंनी जखमेवर माशा बसू नयेत म्हणून हाताने वारा घालत वाट पाहिली होती. हे ताईंनी दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सांगितलं तेव्हा मी ऐकलं.

गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली होती. मिस्त्रीने मला सोडवून हातात घेतलं. माझ्या आत बोट फिरवलं तर बोटाला तेलात कालवलेली राखाडी धूळ आली. मग त्याने मला उलटं केलं आणि त्याला चीर दिसली. त्याने चिरेवरून अंगठा फिरवला. त्याचा चेहरा मी इतक्या जवळून पाहत होतो की त्याच्या कपाळावरचा घामाचा थेंब माझ्यावर पडला.

ताई आणि भावोजी बाहेर बाकावर बसले होते. मिस्त्रीने मला पाठीमागे धरलं आणि तो दारात आला. इंजिनात धूळ गेली आहे, आतल्या रिंगा झिजल्या आहेत, सगळं उघडावं लागेल, असं त्याने सांगितलं. ताईंनी विचारलं, फिल्टर असताना धूळ गेली कशी? मिस्त्री काही बोलण्याआधी भावोजी उठून उभे राहिले. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “माझ्याकडून झाकण नीट लागलं नव्हतं का रे?”

मित्रांनो, उत्तर मिस्त्रीच्या मुठीत होतं. नुसता हात पुढे केला असता तरी पुरलं असतं. पण त्याला स्वतःहून काही रचावंही लागलं नाही, समोरच्या माणसाने वाट काढून दिली आणि तो तिथून निसटला. तो म्हणाला, “असेल भावोजी. एखादी क्लिप सैल राहिली असेल. चालायचंच.”

भावोजींनी आपल्या हातांकडे पाहिलं. उजवा हात थरथरत होता. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि खाली बघत रस्त्याकडे चालू लागले. मला त्या वेळी ओरडावंसं वाटलं. ती चूक माझी आहे, मला दाखव, असं म्हणावंसं वाटलं. मिस्त्रीने मला टेबलाच्या खालच्या खणात टाकलं आणि खण लावून घेतला.

खणातून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. इंजिन उघडलं गेलं. नव्या रिंगा यायच्या होत्या. ताई बसने आणि पायी फिरत होत्या. मधून मधून गॅरेजमध्ये येऊन बसत आणि भावाशी बोलत. त्यांनी तक्रार कशाचीच केली नाही. पण सांगितलं की हे आता कशालाच हात लावत नाहीत. चहा स्वतः ओतून घेत नाहीत, कप फुटेल म्हणतात. शेजारची मुलगी घड्याळाचा पट्टा बदलून मागायला आली तर तिला परत पाठवलं. सदऱ्याची बटणं लावायलाही मला हाक मारतात. डॉक्टरांनी तपासलं, कंप वाढलेला नाही म्हणाले. ‘मग हे असे का बसून राहतात, कळत नाही रे,’ ताई म्हणायच्या. मिस्त्री ऐकत राहायचा आणि एकच नट पुन्हा पुन्हा घासल्याचा आवाज येत राहायचा.

विसाव्या दिवशी ताई एक कापडी गुंडाळी घेऊन आल्या. त्यात भावोजींची घड्याळाची हत्यारं होती. काडीएवढे स्क्रू-ड्रायव्हर, चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग. भावोजींनी निरोप दिला होता की मला आता यांचा काय उपयोग, तुझ्या कामाला येतील तर ठेव. ताई गेल्या. मिस्त्रीला ती गुंडाळी उघडवेना. ठेवायला जागा शोधत त्याने खण उघडला, आणि खणात मी होतो. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गुंडाळीकडे. खाली बसला, पाठ टेबलाला टेकवली आणि त्याच्या खांद्यांचे हिसके टेबलाला जाणवू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गॅरेज उघडलंच नाही. मला वर्तमानपत्रात गुंडाळलं, हत्यारांची गुंडाळी काखेत घेतली आणि बहिणीच्या घरी गेला. भावोजी खिडकीशी बसले होते, हात मांडीखाली दाबून. ताई निघण्याच्या तयारीत होत्या. मिस्त्रीने मला त्यांच्यासमोरच्या टेबलावर ठेवलं, कागद बाजूला केला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. हा पाण्याचा पाईप होता, दहा दिवसांसाठी बसवला होता, मग मी विसरलो, धूळ या चिरेतून गेली, तुमच्या क्लिपा चारही पक्क्या होत्या. एकदा बोलायला लागल्यावर तो मध्ये कुठे थांबला नाही.

भावोजींनी मांडीखालून हात काढले. गुंडाळी सोडली, भिंग डोळ्याला लावलं आणि मला उचललं. त्यांचा हात थरथरत होता, त्याबरोबर मीही थरथरत होतो. त्यांनी चीर पाहिली. मग मला हळूहळू फिरवत ते एका जागी थांबले.

“इथे काहीतरी छापलेलं होतं,” ते म्हणाले.

“हो. मीच पुसलं.”

“कशाला?”

“तुम्ही वाचाल म्हणून.”

भावोजींनी भिंग काढून ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण असा आवाज मी पुन्हा ऐकू नये असं मला वाटतं. ते म्हणाले, “इंजिनाचं काय, लोखंड आहे, नवं घालता येतं. मी मात्र तीन आठवडे रोज त्या चार क्लिपा मनात लावून बघतोय. कुठली सुटली ते आठवत नव्हतं. सुटलीच नव्हती, म्हणून आठवत नव्हतं.”

मिस्त्री त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागे घेतले. ताईंनी भावाला पाणीही विचारलं नाही. पिशवी उचलून त्या निघाल्या आणि दारातून एवढंच म्हणाल्या की आज मला बोलायला लावू नकोस. मिस्त्री मला घेऊन परत निघाला, तेव्हा भावोजी म्हणाले, पाईप इथेच राहू दे.

चार दिवस काहीच घडलं नाही. पाचव्या दिवशी भावोजींनी ताईंच्या हाती निरोप पाठवला. हवेच्या पाईपासाठी जे जे वापरता येतं त्या सगळ्याचे तुकडे पाठव. मिस्त्रीने धावपळ करून साधं रबर, तेल सोसणारं रबर, प्लॅस्टिक, सिलिकॉन, ॲल्युमिनियम असं सगळं पाठवलं. भावोजींनी स्वयंपाकघरातल्या फळीवर काचेच्या बरण्या मांडल्या, प्रत्येकीत इंजिनाचं तेल ओतलं आणि एकेक तुकडा बुडवला. एका बरणीत माझाही तुकडा होता. त्यांनी तो स्वतः कापला होता. हात थरथरत होता, त्यामुळे काप वाकडा गेला, पण त्यांनी कुणाला हाक मारली नाही.

रोज सकाळी ते तुकडे काढून, पुसून, मोजायचे आणि वहीत लिहायचे. ॲल्युमिनियमच्या नळीत त्यांनी गरम पाणी भरून बाहेरून बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. सिलिकॉनचा पातळ पाईप तोंडाने ओढून पाहिला तर तो चपटा झाला. इंजिन तर याहून जोरात ओढणार. सातव्या दिवशी माझा तुकडा बरणीतून निघाला तो लोळागोळा होऊन. मूळ मापापेक्षा चांगलाच जाड, आणि नखाने ओरखडा काढावा इतका मऊ. माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला माझंच अंग उभं राहिलं, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

आठव्या दिवशी भावोजी वही घेऊन गॅरेजमध्ये आले. मला पिशवीत आणलं होतं. त्यांनी मिस्त्रीला समोर बसवून निकाल सांगितला. मधला भाग प्लॅस्टिकचा हवा, तो तापत नाही आणि ओढीने चपटा होत नाही. दोन्ही टोकांना भात्यासारखं घड्याघड्यांचं रबर हवं, म्हणजे इंजिन हललं तरी सांधा तुटणार नाही. आणि ते रबर तेल सोसणारं हवं. मिस्त्रीने मान खाली घातली आणि म्हणाला की कंपनीचा मूळ पाईप तंतोतंत असाच असतो. भावोजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे आठवडाभर मी तेच शोधत होतो, जे तुला एका फोनवर मिळणार होतं? मिस्त्री म्हणाला, हो. तेव्हा पहिल्यांदाच भावोजींच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. मिस्त्रीने त्यांच्यासमोर फोन केला. पाईप दहा दिवसांनी आला. नव्या रिंगा तोवर बसवून झाल्या होत्या, त्यामुळे ताईंची गाडी त्याच दिवशी चालू झाली. ताई भावाशी बोलू लागल्या, पण आधी कामापुरतं. पूर्वीसारखं बोलायला बरेच महिने गेले.

ज्या दिवशी गाडी गेली त्या दिवशी मिस्त्रीने भावोजींना विचारलं, रोज सकाळी दोन तास गॅरेजमध्ये येऊन बसाल का?

“दया करतोयस?” भावोजींनी विचारलं.

“नाही. घाईत माझा हात कशावरही पडतो. तो पडायच्या आधी मला विचारणारं कुणीतरी पाहिजे.”

भावोजी त्या दिवशी तसेच घरी गेले. पुढच्या सोमवारी मात्र नऊ वाजता दारात उभे होते. आता रोज येतात. सुट्या भागांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचतात. हात थरथरतो तसाच थरथरतो. कालचीच गोष्ट. एक रिक्षावाला घाई करत होता आणि मिस्त्रीने फळीवरून एक नळी ओढली. भावोजी जागेवरूनच म्हणाले, ही कशासाठी केलेली आहे? मिस्त्री थांबला. नळी फळीवर ठेवली आणि रिक्षावाल्याला म्हणाला, आज नाही जमणार, उद्या या. रिक्षावाला कुरकुरत गेला. मी टेबलाखालून ऐकत होतो. इतक्या वर्षांत हे शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

मित्रांनो, मला फेकून दिलं असतं तरी चाललं असतं. भावोजींनीच मला ठेवून घेतलं, कशासाठी ते त्यांनी सांगितलेलं नाही. इथे पडल्या पडल्या मला इंजिनाची फारशी आठवण होत नाही. ते दुरुस्त झालं. मला आठवतात ते हात, जे मी वर्षभर अचूक काम करताना पाहिले आणि जे माझ्यामुळे खिशात गेले. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. आम्ही वस्तू मुक्या असतो. कशासाठी घडलो आणि काय सोसवत नाही, ते आमच्या अंगावर लिहिलेलं असतं. तेवढं वाचा, पुसू नका. आमच्यातून शीळ वाजली तर आपले कान वाजतात असं समजू नका, वाकून खालच्या बाजूला पाहा. आणि तुमच्या हातून काही बिघडलं, आणि दुसरंच कुणी खाली मान घालून ‘माझंच चुकलं का?’ असं विचारू लागलं, तर त्याला उत्तरासाठी एक दिवसही थांबवू नका.